गोल झाला की मला बोलवा

आमच्या घरात फुटबॉलचा सामना रंगात आला की मला दही आणायला पाठवतात. दही फ्रिजमध्ये असतं, कधीकधी दोन डबे असतात. तरी मी चपला घालतो, पिशवी घेतो आणि हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या डेअरीपर्यंत चालत जातो. कारण घरातल्या सगळ्यांची, म्हणजे बायकोची आणि मुलीची, पक्की खात्री आहे की मी टीव्हीसमोर बसलेला असेपर्यंत आमचा संघ गोल करूच शकत नाही.

मी व्यवसायाने वकील. जमिनीचे, भाडेकरूंचे, भाऊबंदकीचे दावे लढवण्यात आयुष्य गेलं. पुराव्याशिवाय तोंड उघडणाऱ्यांना भर कोर्टात गप्प बसवलं आहे. घरात मात्र माझ्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागला, माझी बाजू कुणी ऐकली नाही आणि अपिलाची सोय नाही. मी पनवती आहे. माझा पायगुण वाईट आहे. संपला विषय.

हा संघही मी निवडलेला नव्हता. मी लहानपणापासून या शहरातल्या मैदानांवर फुटबॉल बघत आलो. दुपारच्या उन्हात, सिमेंटच्या पायऱ्यांवर रुमाल अंथरून. परदेशातले सामने टीव्हीवर दिसायला लागले तेव्हा मी एखादा भारदस्त, करंडकबिरंडक जिंकणारा संघ धरायच्या विचारात होतो. पण मुलगी तेव्हा शाळेत होती, आणि तिच्या शाळेत खेळाच्या दिवशी ती पिवळ्या गटात असायची. तिने पडद्यावर पिवळी जर्सी बघितली आणि म्हणाली, "बाबा, हे आपले." इंग्लंडातल्या एका मध्यम शहराचा तो संघ. बहुतेक वर्षं पहिल्या फळीतून खाली ढकलले जाऊ की काय या भीतीत काढणारा. मी तिला समजावून बघितलं. पण ती माझीच मुलगी, एकदा म्हटलं की म्हटलं. तिच्यासाठी मी पिवळा झालो. तिच्या शेजारी सोफ्यावर बसून, आपल्या संघाने मारलेला गोल आपण दोघांनी एकदम बघायचा, एकदम ओरडायचं, एवढीच माझी अपेक्षा होती. फार नव्हती. पण आजतागायत ते झालेलं नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. एका शनिवारी संध्याकाळी सामना चालू असताना दाराची बेल वाजली. कुणी पक्षकार होता, मी जिन्यात जाऊन त्याच्याशी बोलत उभा राहिलो आणि आत गोल झाला. पुढच्या सामन्यात फोन आला, मी बाल्कनीत गेलो, गोल झाला. तिसऱ्यांदा मी नुसता हात धुवायला उठलो होतो. बायको टीव्हीसमोर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही. आपले कुठल्या बाजूला मारतायत हे ती दर सामन्याला विचारते, आणि मध्यंतरानंतर बाजू बदलतात ही तिच्या मते शुद्ध फसवणूक आहे. तर ती शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, "हे उठले की होतो बघ गोल."

मुलीने हळूच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय होता. त्या दिवसापासून माझे वाईट दिवस सुरू झाले.

मी कडाडून विरोध केला. म्हटलं, अगं, मी घराबाहेर असताना हा संघ कितीतरी वेळा हरलाय, ते का धरत नाही? मी ऑफिसात होतो, कोर्टात होतो, सासुरवाडीला होतो, तेव्हा काय केलं यांनी? मुलगी म्हणाली, "ते नाही मोजायचं बाबा. सामना बघायला बसून मग उठावं लागतं." म्हणजे कायदाही यांचा आणि त्याचा अर्थ लावणारेही हेच. बायकोने तर एका वाक्यात मला गार केलं. म्हणाली, "तुमचं म्हणणं खरं असेल हो. पण जाऊन यायला काय हरकत आहे? उगा दिमाग नका खाऊ. दही आणा जावा."

मी चपला घातल्या. आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू का? मी गेलो की गोल खरंच व्हायचा. नेहमी नाही, पण माझी बाजू कायमची लंगडी पडावी इतक्या वेळा नक्की.

डेअरीवाल्या चाचांकडे टीव्ही नाही. त्यांना फुटबॉलशी देणंघेणंही नाही. पण काही महिन्यांत मी पिशवी घेऊन येताना दिसलो की ते हसायला लागले.

"क्या वकील साब, आज फिर बाहर कर दिए?"

"हौ चाचा."

"दही होना की ऐसेच खड़े रहते?"

"ऐसेच खड़ा रहतूँ थोड़ा."

मग ते मला स्टूल द्यायचे. मी दुधाच्या रिकाम्या क्रेटशेजारी बसून आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडे बघत राहायचो. मुलीचा आवाज खणखणीत आहे. ती ओरडली की गल्लीतली कुत्री भुंकायची, आणि चाचा मला म्हणायचे, "मुबारक साब, हो गया आपका काम." माझ्या संघाचे बहुतेक गोल मी असे कुत्र्यांच्या तोंडून ऐकले आहेत.

नंतर रिप्ले बघायला मिळायचा, हे मान्य. पण रिप्ले म्हणजे पंगत उठल्यावर वाढलेलं जेवण. चेंडू जाळ्यात जाणार हे ठाऊक असतं. शेजारी बसलेल्या मुलीचं ओरडून झालेलं असतं, ती आता मोबाइलवर मैत्रिणींना कळवण्यात गुंग असते. मी एकटा सोफ्याच्या कडेला टेकून "वा" म्हणायचो, आणि बायको विचारायची, "दही कुठंय?"

एकदा मात्र मी बंड केलं. गल्लीत निम्म्या वाटेवर होतो, वरून मुलीची किंकाळी ऐकली आणि मागे फिरलो. या वयात तीन मजले धावत चढलो. दार उघडंच होतं. खेळाडू अजून एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, मुलीने माझ्या गळ्यात हात टाकले, आम्ही दोघं ओरडलो. मला वाटलं, झालं, मिळालं. तेवढ्यात पंचाने कानावर हात ठेवला. तिकडे कुठल्यातरी खोलीत बसलेल्या माणसांनी व्हिडिओ तपासला, कुणाचातरी खांदा पुढे होता म्हणे. गोल रद्द.

मुलीने माझ्या गळ्यातले हात काढून घेतले. ती रागावून काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी नियम आणखी कडक झाला. गोल झाला तरी, मधल्या वर्तुळातून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत बाबांनी उंबरठा ओलांडायचा नाही. तोवर जिन्यात थांबायचं. मी म्हटलं, ठीक आहे, गोल झाला की मला बोलवा. त्यात उपरोध होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही. उलट बायको म्हणाली, "हां, असं समजून घ्या की."

वाटलं, निदान मैदानावर तरी सुखाने बघू. इथल्या स्थानिक स्पर्धेचे सामने दुपारी असतात. तिथे आम्हा म्हाताऱ्यांचा एक कंपू ठरलेल्या पायऱ्यांवर बसतो. त्यात माझा एक वकील मित्र आहे, मलकपेठेत राहतो. रेसकोर्स घराजवळ असल्याचा पुरेपूर फायदा घेऊन त्याने अर्धं आयुष्य घोड्यांवर घालवलं आहे. कुणाच्या शेजारी उभं राहिलं की घोडा हरतो, याचं त्याच्याकडे शास्त्रच आहे. एक दिवस बोलण्याच्या ओघात मी त्याला माझ्या घरची ही पीडा सांगितली. वाटलं होतं, शिकलासवरलेला माणूस आहे, हसेल. तो हसला नाही. गंभीर झाला आणि माझ्यापासून थोडा सरकून बसला.

पुढच्या सामन्यात आमचा इथला संघ एका गोलने मागे पडला तशी सगळी पायरी माझ्याकडे बघायला लागली. मित्र म्हणाला, "वकीलसाहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण थोडा वेळ तिकडे तोंड करून बसता का?" तिकडे म्हणजे मैदानाकडे पाठ करून, पाण्याच्या टाकीकडे. मी बाणेदारपणे नकार द्यायला हवा होता. पण एक अनोळखी म्हातारबुवा हात जोडून म्हणाले, "पाँच मिनट साब, खाली पाँच मिनट," आणि फक्त पाच मिनिटांसाठी म्हणून मी वळलो. तिकीट काढून, उन्हात तापून, मी पाण्याची टाकी बघितली. पाठीमागे गोल झाला. लोकांनी मला खांद्यावर थोपटलं. असला मान कुणाच्या वाट्याला न येवो.

मुलगी पुढे शिकायला इंग्लंडला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. आमच्या पिवळ्यांचं गाव तिच्या शहरापासून आगगाडीने थोड्याच अंतरावर. इकडे घर रिकामं झालं. मला वाटलं, आता तरी मी माझ्या सोफ्याचा मालक. कसलं काय! सामना रंगात आला की फोन वाजायचा, आणि बायको तो स्पीकरवर टाकायची.

"बाबा, व्हेअर आर यू?"

"घरात."

"घरात कुठे?"

"आत."

"आत म्हणजे हॉलमध्ये ना? आई, बाबा हॉलमध्ये आहेत का गं?"

"हौ, बसलेत की तंगड्या पसरून."

झालं. चपला, पिशवी, चाचा. सातासमुद्रापलीकडून पोरगी मला जिन्यात काढत होती. मला राग यायचा, खूप राग यायचा. पण खरं सांगतो, ती फोन करायची म्हणून मी जायचो. सामन्याच्या दिवशी ती हमखास फोन करायची. एरवी आठवडा आठवडा तिला वेळ मिळायचा नाही.

मग एका वसंतात तिने मला बोलावून घेतलं. मोसमातला शेवटचा सामना, पिवळ्यांच्याच मैदानावर, आणि नेहमीप्रमाणे आमचा संघ गळ्यापर्यंत बुडालेला. जिंकलो तर पहिल्या फळीत राहणार, नाहीतर खाली. "दोन तिकिटं मिळालीत बाबा, शेजारशेजारची. आणि इथे दही आणायला कुठे जाणार तुम्ही?" ती हसत म्हणाली. मी हसलो नाही. मी लगेच कपाटातले दोन स्वेटर काढून ठेवले.

बायको आली नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं. "तुमचा फुटबॉल तुम्ही बघा, मी इथून टीव्हीवर लक्ष ठेवते," म्हणाली. लक्ष कुणावर ठेवणार हे मी विचारलं नाही. व्हिसाच्या कचेरीत मला प्रवासाचा हेतू विचारला. मी म्हटलं, एक गोल बघायचाय. त्या मुलीने "पर्यटन" असं टाइप केलं.

मैदान टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा लहान निघालं आणि गवत त्यापेक्षा हिरवं. प्रवेशाचं फिरतं दार इतकं अरुंद की मी माझ्या दोन स्वेटर आणि एका कोटासकट त्यात अडकलो, मागच्या माणसाने ढकललं तेव्हा आत पडलो. आत वारा असा की डोळ्यांतून पाणी. पण शेजारी मुलगी होती. गळ्यात पिवळा मफलर, नाक लाल, शाळेच्या खेळाच्या दिवशी दिसायची तशीच. तिने माझ्याही गळ्यात एक मफलर गुंडाळला. आजूबाजूचे लोक गात होते. मला शब्द येत नव्हते, मी नुसतं तोंड हलवत होतो. फार वर्षांनी मी इतका खूश होतो.

खेळ मात्र भिकार होता. आमचे पिवळे चेंडू आडवा आडवा देत बसले होते, पुढे जायची कुणाची छाती होईना. मध्यंतर झालं, बाजू बदलल्या. एकदा चेंडू खांबाला लागून परत आला आणि सगळं मैदान कण्हलं. घड्याळ पुढे सरकत होतं. गाणी थांबली. माझ्या पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्याने डोळ्यांवर टोपी ओढून घेतली. मुलगी मफलरचं टोक चावत होती, आणि मला जाणवलं की ती मैदानाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघते आहे.

तिचा फोन थरथरला. हैदराबादहून. तिने तो कानाला लावला, एवढंच म्हणाली, "नाही गं आई... नाही... मी कसं सांगू?" आणि ठेवला. मी मुद्दाम मैदानाकडे बघत राहिलो. मनात म्हटलं, नको. आज नको. आज तू म्हणू नकोस.

"बाबा," ती म्हणाली, "थंडी वाजतेय ना? चहा घेऊन येता का?"

चहाचा अर्थ न कळायला मी दूधखुळा नव्हतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणणार होतो की मी विमानात रात्रभर पाय आखडून आलोय, व्हिसासाठी बोटांचे ठसे दिलेत, या वयात एवढ्या थंडीत कोट घालून बसलोय, ते काय चहासाठी? तुझ्या आईचं समजू शकतो, पण तू? तू मला इथे बोलावलंस, शेजारशेजारची तिकिटं म्हणालीस. सगळं तोंडाशी आलं होतं. पण तिचा चेहरा बघितला. तो शाळेतल्या मुलीचा चेहरा होता, रडू आवरणाऱ्या. मी उठलो. माणसांचे गुडघे ओलांडत, सॉरी सॉरी म्हणत, पायऱ्या उतरून स्टँडच्या खाली गेलो.

तिथे नुसता सिमेंटचा बोळ होता. चहाच्या खिडकीचं शटर अर्धं खाली आलेलं. आतली बाई काउंटर पुसत होती. तिने माझ्या मफलरकडे बघितलं आणि विचारलं की सामना संपला का. मी म्हटलं, नाही. तिला कळेना की मग हा माणूस इथे काय करतोय. चाचांना कळलं असतं. मी चहाचा पेला घेऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. वाईट वाटत होतं. सरळ सांगतो, अपमान वाटत होता. एवढ्या लांब येऊन मी जिन्यातच उभा होतो.

तेवढ्यात पायऱ्यांवर धडधड आवाज झाला आणि मुलगी धावत खाली आली. तिचे डोळे भरलेले.

"बाबा, चला वर."

"चहा घे."

"नकोय मला चहा. चला. हरले तर हरू दे. मला तुमच्याबरोबर बघायचंय."

"अगं, तू जा. थोडाच वेळ राहिलाय. निदान तू तरी बघ."

"नाही. तुम्ही आल्याशिवाय मी जाणार नाही."

"हट्ट करू नकोस!"

"तुम्ही हट्ट करताय!"

ती माझी बाही धरून ओढत होती, मी चहा सांडू नये म्हणून हात वर धरलेला. आणि आमच्या डोक्यावरचं सिमेंट हादरलं. आधी थाड थाड पाय, मग असा आवाज की काउंटरवरच्या बाईच्या हातातलं फडकं पडलं. एवढी माणसं एकदम ओरडली तर कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. पोटात कळतं.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिच्या तोंडाचा आ झालेला. ती वर पळायला वळली, आणि या वेळी मी तिची बाही धरली.

"थांब," मी म्हटलं. "खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत नाही."

ती थांबली. मग आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो, एका पेल्यातून आळीपाळीने चहा पीत. ती हसत होती आणि रडत होती. वर आवाज चालूच होता. गोल रद्द झाला नाही.

सामना जिंकून बाहेर पडलो तेव्हा बायकोचा फोन आला. ती तिकडे हिमायतनगरात आनंदाने चिरकत होती. "बघितला की नाही गोल? त्या उंच पोराने डोक्याने मारला, त्या डाव्या अंगाच्या कोपऱ्यातून बॉल आला!" मुलगी म्हणाली, "नाही गं. आम्ही दोघंही बाहेर होतो." मी ओळखलं, तिथे निकाल तयार होतोय.

"असं आहे होय," बायको म्हणाली. "म्हणजे दोघांनी जायला पाहिजे."

तेव्हापासून असं चाललंय. शनिवारी सामना रंगात आला की मी पिशवी घेऊन खाली उतरतो, आणि तिकडे मुलगी तिच्या घराबाहेर जिन्यात येऊन उभी राहते. फोन चालू असतो. ती थंडीत कुडकुडत ऑफिसातलं सांगते, घरमालकाला शिव्या देते, काय स्वयंपाक केला ते सांगते. मी चाचांच्या स्टुलावर बसून ऐकतो. चाचा मला आता विचारत नाहीत, नुसतं तिला सलाम सांगतात. आमच्या संघाचा एकही गोल आम्ही दोघांनी मिळून अजून बघितलेला नाही, आणि आता कधी बघू असंही वाटत नाही. चीड येते. पण सामना संपेपर्यंत ती फोन ठेवत नाही.

बघते एकटी बायको. तिसऱ्या मजल्यावर, सोफ्याच्या मधोमध, माझ्या जागेवर. परवा ती खिडकीत येऊन गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "गोल!" कुत्री भुंकली, चाचांनी मुबारक म्हटलं, फोनमध्ये मुलगी किंचाळली. मी मान वर करून विचारलं, कुणी मारला?

"ते नाही माहीत," बायको म्हणाली. "आधी सांगा, आपले कुठल्या बाजूला मारतायत?"